कोट, रेनकोट आणि समोरचा दात

दातांच्या दवाखान्यात पोस्टमन सुजलेला गाल धरून बसला होता. जरा हसलं तरी कळ थेट मस्तकात जायची, आणि नेमकं शेजारीच एक नवरा-बायको बोलत होते.

“अहो, तो लोकरीचा कोट घेऊनच टाकू या.”

“एवढा महागाचा? धुळीत, पावसात घालणार कसा?”

“वरून जुना रेनकोट घालेन की.”

“म्हणजे कोट दिसणारच नाही!”

“दिसला तर नजर नाही का लागणार?”

“मग घ्यायचा कशाला?”

“आत आहे म्हटलं की माणसाची चाल बदलते.”

“आणि पैसे?”

“तुमच्या दाताचे आहेत ना. किडका काढून घ्या, नवा बसवू नका.”

“अगं, समोरचा दात आहे!”

“असू दे. शेजारी असला कोट असताना तुमच्या तोंडाकडे बघणार कोण?”

“पण कोट तर रेनकोटच्या आत!”

“मग तुम्हीही तोंड मिटून ठेवा.”

तेवढ्यात डॉक्टरांनी आतून हाक मारली. नवरा उठला, दातावरून जीभ फिरवत दारापाशी घुटमळला.

“अधूनमधून मला देशील घालायला?”

“देईन की. पण रेनकोट काढायचा नाही.”

पोस्टमनने दोन्ही हातांनी गाल आवळून धरला.