सोमवारपर्यंत

ताई: धर म्हणते ना. दोन्ही हातांनी धर, नाहीतर मी पाजते.

बाळ्या: नको म्हणालो ना एकदा. चिंगी येऊन जाऊ दे. मग काय पाजायचं ते पाज.

ताई: चाळिशी उलटलेल्या भावाला बहीण दारू पाजतेय आणि तो तोंड फिरवतोय. कुणी बघितलं तर वेड्यांच्या दवाखान्यात मलाच नेतील.

बाळ्या: मग हस की.

ताई: हसू येत नाहीये, बाळ्या. सकाळचंही तू बेसिनमध्ये ओतलंस. मी आपली शिलाई मशीनवर बसलेली, मला वाटलं घेतलंस. आता भांडी घासायला गेले तेव्हा वास आला.

बाळ्या: त्याच बेसिनमध्ये तू माझ्या किती बाटल्या रिकाम्या केल्यास. मी एक झाकण ओतलं तर बिघडलं कुठं?

ताई: डॉक्टरीणबाई बोलत होत्या तेव्हा तू समोरच बसला होतास ना? की नुसताच खुर्चीत होतास? एकदम बंद केलीत तर फिट येईल, म्हणाल्या. त्यात माणूस जातोसुद्धा. गोळ्या घरी देता आल्या असत्या, पण याला आधी एकदा फिट येऊन गेलीय, म्हणून गोळ्या वॉर्डातच, नजरेखाली. आणि वॉर्डात जागा सोमवारी. तोवर हे एवढंसं झाकण, ठरलेल्या वेळी, थेंब जास्त नाही, थेंब कमी नाही. मी दोनदा विचारलं त्यांना, बाई, नक्की दारूच द्यायची ना? माझी थट्टा करताहेत असं वाटलं मला.

बाळ्या: येईलच असं नाही काही. फिट.

ताई: मागच्या वेळी माझ्या दुकानात आली. कापडाच्या गठ्ठ्यावर पडलास, जीभ चावलीस. गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट रक्तानं भरला. तुला त्यातलं काही आठवत नाही. मला सगळं आठवतं.

बाळ्या: मैदानापलीकडच्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात तर लगेच घेत होते.

ताई: लगेच घेतात आणि खाटेला बांधतात. तूच पळून आलास ना तिथून? मनगटावरचे वळ जायला किती दिवस लागले. आता तेच बरं वाटायला लागलं?

बाळ्या: आणि दारू सोडलेल्यांची संध्याकाळची ती सभा? शाळेच्या वर्गातली?

ताई: जाऊन आले तिथंही. मोठमोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे आखडून बसलेली, एकेक जण उठून आपलं सांगतोय. चांगली माणसं आहेत रे. पण त्यांनीही तेच सांगितलं. आधी दवाखान्यात अंगातली उतरवून या, मग तुमची जागा कुठं जात नाही. सगळं शहर पालथं घातलं मी. दुसरीकडे कुठं काही नाही.

बाळ्या: तू थकलीस.

ताई: थकले. मग घेतोस?

बाळ्या: ताई, चिंगी काय म्हणाली ते तुला सांगितलं ना मी. बाबा, तोंडाला वास नसेल तर तुझ्याशेजारी बसेन. असेल तर दारातूनच परत. बस, एवढंच. शाळेत होती तेव्हापासून शेजारी बसलेली नाही माझ्या. आता कॉलेजला जाते. आणि एकदा वॉर्डात गेलो की ते लोक बरेच दिवस कुणाला भेटू देत नाहीत. मध्येच माझं काही झालं म्हणजे?

ताई: झालं तर याच हट्टापायी होईल. मी फोन करते तिला. सरळ सांगते की डॉक्टरनीच द्यायला लावलीय.

बाळ्या: काय सांगशील? बाबा औषध म्हणून घेतो? ते मी तिला ती एवढीशी होती तेव्हाच सांगून ठेवलंय. बाबांना खोकला आहे, हे खोकल्याचं औषध आहे. झाकणात ओतून प्यायचो तिच्यासमोर. ती बिचारी मोजून बघायची, बरोबर रेघेपर्यंत भरलंय का.

ताई: देवा.

बाळ्या: त्यामुळे औषध हा शब्द तिच्यासमोर काढू नकोस. तोंडाला वास नाही, एवढंच मी दाखवू शकतो. दुसरं काही नाही माझ्याकडे.

ताई: आणि हे हात? चहा अर्धा बशीत, अर्धा शर्टावर. मान भिजलीय घामानं. खिडकीची काच बसवायला तुला कुणी आता बोलावलं असतं तर काचेसकट खाली गेला असतास.

बाळ्या: हात मांडीखाली घालून बसतो. तिला नाही दिसणार.

ताई: दात वाजताहेत तुझे.

बाळ्या: थंडी आहे.

ताई: थंडी नाहीये, बाळ्या.

बाळ्या: बरं, नसेल. त्या मुंग्या तेवढ्या पूस गं. ती आली की आधी नाक मुरडेल.

ताई: कुठल्या मुंग्या?

बाळ्या: त्या काय, कॅलेंडरच्या बाजूनं. खाली उतरताहेत बघ रांगेनं.

ताई: भिंतीवर काही नाहीये.

बाळ्या: नाहीत?

ताई: नाहीत रे. माझ्याकडे बघ. भिंतीकडे नको, माझ्याकडे. आता मी काही ऐकणार नाही. हे बघ, भरलं झाकण. तोंड उघड. चिंगीचं मी बघते, पाया पडेन तिच्या, पण तोंड उघड.

बाळ्या: सोड, ताई. सांडेल. सोड म्हणतो ना.

चिंगी: दार उघडंच होतं.

ताई: चिंगे. ये, ये ना आत.

चिंगी: आत्या, तुझ्या हातात काय आहे?

ताई: सांगते. तू आधी बस. दवाखान्यातल्या बाईंनीच सांगितलंय असं, सोमवारी जागा मिळेपर्यंत...

बाळ्या: मी घेतली नाही, चिंगी. सकाळपासून थेंब नाही. ये इकडे, वास घे. बघ तू, नाही येणार.

चिंगी: बाबा, तुला धड उभं राहता येत नाहीये.

बाळ्या: ते घेतली नाही म्हणून होतंय. एकदम सोडली की असं होतं.

चिंगी: हं.

ताई: खरं बोलतोय तो. मीच मागं लागले होते त्याच्या.

चिंगी: ते दिसतंय. बाटली तुझ्या हातात आहे. आई नेहमी म्हणते, त्या घरात एक आत्या तेवढी खरं बोलते.

ताई: अगं, औषध म्हणून...

चिंगी: खोकल्याच्या औषधाचं झाकण आहे ते, आत्या. मला ओळखू येतं.

बाळ्या: चिंगी, फक्त जवळ ये. बोलू नकोस, बसू नकोस. एकदा वास घेऊन बघ आणि जा.

चिंगी: नको, बाबा. मी किती वेळा जवळ आले. ही पिशवी इथं ठेवते. येते मी.

(जिना उतरणारी पावलं. खालचं दार आपटतं.)

बाळ्या: जा ना तिच्यामागं. जा, ताई.

ताई: भिंतीवर मुंग्या दिसणाऱ्या माणसाला एकटं टाकून? कुठं नाही जात मी.

बाळ्या: दारातूनच गेली. वास घेण्याइतकीही जवळ आली नाही. ज्याच्यासाठी केलं तेच... बरोबर आहे तिचं. मीसुद्धा नसता ठेवला विश्वास.

ताई: रडू नकोस. श्वास लागतो तुला. बघू, काय ठेवून गेलीय. पायजमे आहेत. तुझेच, तिच्या आईकडे राहिलेले. इस्त्री केलेत.

बाळ्या: राहू देत तिथंच.

ताई: बाळ्या, यांना नाडी नाही.

बाळ्या: म्हणजे?

ताई: काढून टाकलीय. सगळ्यांना इलॅस्टिक घातलंय. वॉर्डात नाडी चालत नाही ना, कुणी गळ्याला लावून घेईल म्हणून. नाडी नाही, पट्टा नाही, बुटाची दोरी नाही. तू सांगितलं होतंस तिला?

बाळ्या: मी कधी सांगणार? तुझ्याच फोनवरून दोन मिनिटं बोललो.

ताई: मीही नाही सांगितलं. म्हणजे पोरीनं वॉर्डात फोन करून विचारलंय, काय चालतं, काय चालत नाही. आणि हे मशीनवरचं काम नाहीये. हातानं शिवलंय, चारी पायजम्यांना. उलटा टाका, मीच शिकवलेला. दुकानात सुट्टीत बसायची तेव्हा.

बाळ्या: बघू.

ताई: हं. हळू.

बाळ्या: सैल होतील गं कमरेला.

ताई: होणारच. तिनं तुझी पूर्वीची कंबर धरलीय.

बाळ्या: मघाचं सगळं सांडलं?

ताई: निम्मं आहे.

बाळ्या: रेघेपर्यंत भर. आणि तूच पाज, ताई. मला धरवत नाही.