मानाची काठी

माझं माहेर आन सासर एकाच गावातलं. धर्मापुरीच्या अंगाला, परळी तालुक्यात. मामाच्या पोराला दिली मला, म्हणून गल्ली बदलली न्हाई, निसतं घर बदललं. नाव सुजाता. आमी बौद्ध. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली आन त्याच दिवशी गावकी सोडली, म्हंजी गावाचे सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं वढायची, सांजच्याला घरोघर भाकर मागायची, ते समदं बंद. माझे वडील, आण्णा म्हणतो आमी, ते परळीच्या थर्मलला लागले, राखेच्या कामावर, आन राखेतच रिटायर झाले. आई गेली तवापासून माझ्यापाशीच राहतेत. मी अंगणवाडीत हाय. काय सांगू तुमाला, लेकरांपुढं दिवसभर बोलून बोलून माझं तोंड लई चालतं, पण जिथं चालायला पाहिजे तिथं नेमकं बंद पडतं, आन तेच तुमाला सांगायला बसलेय.

आमच्या गावात जुन्या शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या होत्या, तिथं गुरुजींनी संग्रहालय काढलं. गुरुजी म्हंजी रिटायर मास्तर, गावातल्या मोठ्या शेतीवाल्या घरचे, पण माणूस साधा, स्वतः झाडू मारणारा. सरकारचा पैसा न्हाई, पगारी नोकर न्हाई, कुणी चुना लावला, कुणी फळ्या ठोकल्या, आन रविवारी दार उघडायचा, आल्या-गेल्याला दाखवायचा जिम्मा माझा. सामान म्हणाल तर मोट हाय, जाती हायत, पायल्या हायत, निजामाच्या टायमाची नाणी हायत. वरांड्यात एक दगड हाय, शेतात सापडलेला, ढाल-तलवारवाला माणूस कोरलेला. त्याला लोकांनी शेंदूरच फासला की, नारळ फोडायला लागले. गुरुजींनी पाटी लावली, हा देव नाही, नारळ फोडू नये. तर लोकांनी नारळ बंद केले आन उदबत्त्या सुरू केल्या. एक म्हातारी मला म्हणली, आगं, देव न्हाई म्हणून सांगायला पाटी लावावी लागली, म्हंजी कायतरी हायच की. हसून हसून पोट दुखलं आमचं. गुरुजी मात्र हसले न्हाईत, लई मनाला लावून घेतेत ते.

तर ते गुरुजी एकदा मला म्हणले, ताई, समद्या गावाचं काय ना काय आलं, तुमच्या वस्तीचं काहीच न्हाई, मग हे आर्ध्याच गावाचं संग्रहालय झालं. मला ते लागलं बी आन बरं बी वाटलं. बरं कावून वाटलं, तर कुणीतरी मागितलं म्हणून. आमच्या माहेरच्या माळ्यावर आजोबांची काठी होती. गावकीची काठी, जाड, वरच्या टोकाला लोखंडी कड्या, हलवली की खुळखुळ वाजायची. आण्णांना ती चुलीत घालायची होती, आजीनं घालू दिली न्हाई, गोधड्या वाळवायला दोन खुट्यांवर आडवी टाकून ठेवलती तिनं. आजी गेल्यावर माळ्यावर पडली. आण्णा माजलगावला आत्याकडं गेलते, तेवढ्यात मी ती काढली, तेल लावून पुसली आन नेली. इचारलं न्हाई त्यांना. इचारलं असतं तर न्हाई म्हणले असते, हे मला ठावूक होतं म्हणूनच इचारलं न्हाई.

गुरुजींनी काठी दोन्ही हातांनी घेतली. फळीवर ठेवली, पेन काढलं, म्हणले, ताई, पाटीवर काय लिहू. तिथं त्यांच्या सूनबाई उभ्या, त्यांची नात उभी, आजून चार बाया. समद्या माझ्या तोंडाकडं बघायल्या. मला ते भाकर मागायचं सांगवंना. मी म्हणले, मानाची काठी म्हणून लिहा, गावात आमच्या आजोबांचा मान होता. गुरुजी क्षणभर थांबले, पण मीच सांगितलं म्हणल्यावर लिहिलं त्यांनी. सूनबाई म्हणल्या, किती छान वो ताई. मला तर हवेत गेल्यासारखं झालं. काठीपाशी उभं करून माझा फोटो काढला आन टाकला गावाच्या ग्रुपवर.

तो फोटो आत्याच्या नातवानं माजलगावात आण्णांना दाखवला. दुसऱ्या दिवशी आण्णा घरी हजर. ओरडतील म्हणून मी भाकरी थापायच्या निमतानं चुलीपुढून उठलेच न्हाई. ते एवढंच म्हणले, मला घेऊन चल तिथं. गेलो. गुरुजी होतेच. आण्णा फळीपुढं उभे राहिले, चष्मा लावला, आन एकेक अक्षर लावून वाचलं, मा-ना-ची का-ठी. मग माझ्याकडं वळून म्हणले, कुणाचा मान गं?

मी काठीच्या कड्या सारख्या करायला लागले. आण्णा गुरुजींकडं बघून सांगायला लागले. मी लहान होतो, बापाच्या मागं मागं जायचो. ह्या कड्या वाजल्या की घरातल्यांना कळायचं कोण आलं ते, म्हणून हायत ह्या कड्या. बाप खाली उभा राहून म्हणायचा, भाकर वाढा माय. वरून बाया भाकर टाकायच्या, घोंगडीत पडली तर पडली. एकदा चिखलात पडली. बापानं उचलली, पुसली, मला दिली. भूक लागलती, मी खाल्ली. गुरुजी, ती भाकर गोड लागली मला. त्याचाच राग हाय मला, आजून हाय. आन ते दार तुमचंच होतं.

गुरुजींचं तोंड उतरलं. ते म्हणले, आण्णा, तुमी सांगितलं तसंच लिहू. आमच्या घराचं नाव घालून लिहू. त्यांनी पाटीला हात घातला तर आण्णा म्हणले, तुमी नका काढू, हिनं सांगितलंय, हीच लिहील. येताना रस्त्यात मी म्हणले, आण्णा, मला लाज वाटली वो चार माणसांत. तर म्हणले, ती लाज आपली न्हवती पोरी, त्यांची होती, तू कशाला झाकायला गेलीस? रागानं न्हाई म्हणले. रागानं म्हणले असते तर बरं झालं असतं, मी बी उलटून बोलले असते.

मग मी पाटी लिहिली. कड्या वाजल्या की भाकर मागायला माणूस आला हे कळायचं, दीक्षा घेतली त्या दिवशी आजोबांनी ही काठी खाली ठेवली, असं समदं लिहिलं. घराचं नाव तेवढं लिहिलं न्हाई. जागा पुरली न्हाई म्हणून सांगितलं गुरुजींना. जागा होती.

परवाच्या रविवारी दार उघडलं. गुरुजींची नात आली, पाचवीला हाय, लई चौकस. पाटी वाचली आन मला इचारलं, मावशी, कुणाच्या घरी मागायचे? मागं तिची आई उभी. ती सूनबाई, मी गेले की च्या तिच्याच कपात देते मला, ताई-ताई करती. दारात गुरुजी उभे. आता मला सांगा, आण्णांनी तोंडावर सांगितलेलं, गुरुजींनी स्वतः कबूल केलेलं, आडवणारं कोण होतं मला? कुणीच न्हाई. तुमच्या घरी, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणले, गावात गं बाळा, गावात मागायचे. पोरगी बरं म्हणून नाण्यांकडं गेली. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं आन खाली बघितलं.

घरी आले तर आण्णा वाटच बघत होते. म्हणले, कुणी इचारलं का काठीचं? मी म्हणले, इचारलं. म्हणले, समदं सांगितलंस? मी म्हणले, समदं. बरं झालं, म्हणले, आन किती दिवसांनी त्या माणसानं पोटभर जेवण केलं, आजून आर्धी वाढ म्हणले. मी वाढली. माझं ताट मी तसंच झाकून ठेवलं.

आता तुमी हे लिहून घ्यायलात. गुरुजींचं भलं होवो, त्या लेकराचं बी भलं होवो, माझा कुणावर राग न्हाई. आण्णांना वाचायला येतं, ते वाचतील, तरी लिहा. त्या पोरीनं कुणाच्या घरी म्हणून इचारलं ना, तिथं 'गावात' असं लिहू नका. तुमच्या घरी, असं लिहा. माझ्यानं म्हणवलं न्हाई.