राखेचं गाडगं

— सांगू नको, तिच्याकडूनच आली तू. तुह्या चपलीले लाल माती लागून आहे. माही जमीन काळीभोर आहे बाई, लाल माती त्या प्रयागच्या बरडावरची. चहाबी तथीच घेतला असन — घेतलाच असन, शेळीच्या दुधाचा, गवती चहा टाकून. मंग अथी पानीच पे. काहाड तुहा सर्वेचा फारम. नाव लिह — रंगूबाई. पीक? संत्रा. दुसरं पीक? नाही. तिसरं? नाही म्हन्लं ना व! काय — एकच पीक काहून? अवं, एका कामात मानसाचा हात बसते. पान पाह्यलं की मले समजते त्या झाडाले काय पाह्यजे. व्यापारी माह्या धुऱ्यावर, बांधापर्यंत येते, टरक भरला की बगीचा खाली. अन् तिचं? आज बरबटीच्या शेंगा, उद्या अंबाडी, परवा अंडे — दर बाजारी टोपलं घेऊन बसा लागते शेलूबाजारले. हे काय शेती झाली? भातुकली झाली हे.

पन लोक तिच्याकडंच जातेत. कालेजचे पोरं तिच्याकडं, पेपरात फोटो तिचा. मांगच्या महिन्यात मेडशीहून गाडी भरून बाया आल्या, माह्याच फाटकापुढं उतरल्या अन् मलेच विचारतेत — प्रयागताईचं वावर कोनतं? ताई! माही धाकली जाऊ आहे ते, सहा वर्सानं लहान. अन् तिनं डोकं लढवून केलं असं नको लिहजो. तिले करा लागलं. वाटनीत काळं वावर अन् इहीर म्या घेतली, थोरली ना मी. बरड तिले. एका जागी गोटे, एका जागी हातभर माती — जथी जे जगन ते पेरा. सासूचं एक गाडगं होतं, राखेनं भरलेलं, कीड लागू नाही म्हनून त्या राखेत सबन बी — बरबटी, तीळ, अंबाडी, जवस, मेथी. ते कोनाच्या वाट्याले टाकाव? म्याच हासत म्हन्लं, घे व, राख तुले. तिनं डोक्यावर घेतलं अन् गेली. हासली नाही. मले आजबी तिचं ते न हासनं दिसते.

तिकडं काय पाहून राह्यली? वाळले ते झाडं. चाळीस. खोडाले डिंक सुटला, रोग तो — एकाले झाला की दुसऱ्याले, मंग तिसऱ्याले. तिचं एक पीक गेलं तं दुसरं उभं राह्यते, माह्याकडं दुसरं आहे कोठी? हे लिहू नको. अन् ते येल? बरबटीचे. आपोआप उगवले, पाखरानं टाकलं असन बी... हासतं काहून? पाखरू रांगेत पेरत नाही म्हनतं? शाहनी आहे तू. बरं, आयक. मिरगात ते बाजाराले गेली होती, घर उघडंच. म्या गाडग्यात कोपरापर्यंत हात घातला. थोरली जाऊ असून! एकच मूठ. मागतली असती तं सुपभर देल्लं असतं तिनं — म्हनूनच तं नाही मागतलं. राखेचा हात पदराले पुसला, पदर बदलाचा राह्यला. संध्याकाळी ते आली, माह्या पदराकडं पाह्यलं अन् म्हने, "बाई, यंदा पाऊस चांगला आहे." बस, येवढंच. भांडली असती तं बरं झालं असतं. जीव जळते माहा तवापासून. आता रब्बीची पेरनी तोंडावर आली, त्या चाळीस झाडाच्या जागी काय लावाव हे तिच्याबिगर कोनाले समजते? पन जीभ उठत नाही. तू परत गेली तं विचारजो. माहं नाव नको घेऊ.

काय? तुह्या थैलीत? माह्यासाठी? कोनं देल्लं?

दाखव... गाठ तिचीच आहे, दुहेरी. राख आहे व. जवस — मेथी — करडी — धने. सबन येगळं येगळं बांधलं. देतानी काय म्हने? ... चाळीस झाडाच्या जागेले पुरते? तिकडून मोजले तिनं? धुऱ्यावर उभी राहून माहे वाळले झाडं मोजले?

ऊठ. जाय तू आता. नाही, चहा नाही, म्हन्लं ना. फारम झाला तुहा. दुसऱ्या पिकापुढं 'नाही' लिहलं का? खोड ते. काही लिहू नको, जागा कोरी ठेव. अन् जातानी फाटक लावजो.