तात्यांची मागची सीट

मंडळी, ऐका! एक साधा प्रश्न विचारतो. बापानं लेकाचा अभिमान धरावा की नाही? धरावा म्हणता? वा, सगळ्यांच्या माना हलल्या! आता दुसरा — त्या अभिमानाला बसायला लेकानं जागा ठेवलीय का? आता का नाही हलत माना!

वाघजाईवाडीत शिदू तात्या खोत म्हणून ट्रक ड्रायव्हर. बत्तीस वर्षं साखर कारखान्याचा ट्रक चालवला. स्टेअरिंग धरून धरून तळहाताला घट्टे! रिटायर झाले आणि पांढरी सेडान घ्यायला गेले. शोरूमवाला म्हणाला, "तात्या, चालवून बघा." तात्या मागचं दार उघडून आत बसले! म्हणाले, "आयुष्यभर पुढंच बसलो की रं. आता पोरगं चालवील, आन मी मागं बसून शेतं बघणार." बघा माणसाची हौस! विमान नको, काशी नको — मागची सीट हवी!

पण लेक रणधीर! गॅरेजमध्ये काम करणारा, हात सोन्याचा. त्याला ती गाडी बघवेना. "तात्या, ही गाडी हाय का फ्रीज?" तात्या दोनदा मागं बसले असतील-नसतील, तिसऱ्यांदा बघतात तर गाडी जॅकवर! स्प्रिंगा बदलून खाली बसवली, रुंद टायर घातले, पाठीला शेपूट लावलं, इंजिनाला जोर आणला. आणि सायलेन्सर? असा, की गल्लीतल्या म्हशी दूध चोरायला लागल्या! हसू नका मृदंगबुवा, तुमच्या फटफटीचा आवाजही ऐकलाय आम्ही.

रणधीरला ध्यास एकच. जुन्या धावपट्टीवर गाड्यांची शर्यत व्हायची, घड्याळ लावून. तिथं पहिलं यायचं! पण पळायचं तर गाडी हलकी पाहिजे. नेली वजनकाट्यावर. मग स्टेपनी काढली. खालचा गालिचा काढला. ड्रायव्हरशेजारची सीट काढली. तरी भागेना! राहिली मागची.

रणधीर पाना हातात घेऊन घुटमळला. "तात्या, काढू न्हवं?"

आता बाप काय म्हणणार हो? "काढ की! गाडी पळाली पायजे."

सीट निघाली. तात्यांनी ती फडक्यानं पुसली, सोप्यात मांडली आणि वर बसले. येणारा-जाणारा विचारी, "तात्या, ह्ये काय?" तात्या छाती काढून सांगत, "माझ्या पोराच्या गाडीची सीट हाय. गाडी शर्यतीला निघालीया!" मंडळी, ज्यानं आपल्याला उतरवलं, त्याचंच कौतुक! बाप म्हणतात तो हा.

शर्यत झाली. रणधीर पहिला! करंडक एवढा मोठा! गावानं वेशीत हलगी लावली, गुलाल उधळला. कुणीतरी ओरडलं, "तात्यांना बसवा गाडीत!" तात्या नवा फेटा बांधून आले. गर्दीनं वाट दिली. तात्यांनी हौसेनं मागचं दार उघडलं —

आत उघडा पत्रा!

तात्यांना ठाऊक नव्हतं का? रोज त्या सीटवर बसत होते! पण आनंदात माणूस विसरतो हो. तात्यांनी दार हळूच लावलं. रणधीरच्या खिडकीशी आले. म्हणाले, "तू हो म्होरं. मी येतो चालत. उगं वजन कशाला!"

रणधीरनं इंजिन बंद केलं. करंडक शेजारी पत्र्यावर लोळत होता, आणि ज्याला दाखवायचा तो बाप बाहेर उभा! पोरगा खाली उतरला. "हलगी थांबवा! पाना आणा! आमच्या सोप्यातली सीट आणा!"

"आरं, नंतर बसीव की!" लोक म्हणाले.

"न्हाई. आत्ताच!"

चौघांनी सीट उचलून आणली. भर वेशीत, डोक्यावर गुलाल, आणि हा गडी पत्र्यावर गुडघे टेकून बोल्ट आवळतोय! अर्धा तास मिरवणूक खोळंबली. खोळंबू दे!

तात्या मागं बसले. मांडीवर करंडक. वेशीपासून देवळापर्यंत सहा गतिरोधक, आणि गाडी बसवलेली खाली. पहिल्याच गतिरोधकावर पोट घासलं — खर्र! तात्यांतला ड्रायव्हर कळवळला. "रणधीर, घासतीया रं! मी उतरतो."

"बसा तात्या," रणधीर म्हणाला. "घासू दे!"

सहाच्या सहा ठिकाणी घासली. ते ओरखडे त्यानं अजून रंगवलेले नाहीत. कुणी गाडी बघायला आलं, की करंडक राहतो बाजूला — हा पठ्ठ्या जमिनीवर आडवा होऊन आधी ते ओरखडे दाखवतो. "माझा बाप बसला व्हता, तवाचं हायत हे!"

आता तुम्ही सांगा. आपण सगळेच पळतोय ना? शिक्षणाच्या मागं, नोकरीच्या मागं, फ्लॅटच्या मागं. हलकं व्हायला कुणाकुणाला उतरवलंत? आणि ते काय म्हणाले? "हो पुढं, मी येतो चालत" — हेच ना? ते तक्रार करणार नाहीत, मंडळी. ते सोप्यात बसून तुमचं कौतुक सांगतील!

चला, आता टाळी वाजवून हरीचं नाव घ्या. पण त्याआधी, ज्याचा बाप आज शेजारी बसलाय, त्यानं जरा सरकून त्याला जागा द्या.