ढब्बूची चिप

पार्ल्याच्या प्राण्यांच्या दवाखान्यात मी मांजर घेऊन बसले होते. माझ्या पुढे एक तरुण मुलगी, तिचे वडील आणि हाडं वर आलेला त्यांचा कुत्रा. डॉक्टर कातडीखाली टोचायची ओळखीची चिप दाखवत होते.

"ही स्वस्त आहे, पण सगळ्या मशीनवर वाचता येत नाही. ही दुसरी कुठल्याही दवाखान्यात चालेल."

"दुसरी द्या."

"स्वरदा, चिप कशाला? गळ्यात पट्टा आहे, त्यावर फोन नंबर आहे."

"पट्टा तुम्हीच काढलात ना बाबा, ढब्बूला घाटकोपरला सोडताना?"

"हळू बोल. लोक ऐकताहेत."

"ऐकू देत! नऊ दिवस मी पार्ल्यात पोस्टर लावत फिरले. तुम्ही बरोबर होतात, डिंकाची बाटली धरून!"

"सोसायटीवाले रोज भांडायला येत होते. मी काय करणार?"

"मला सांगायचं. तुमच्या कपाटात पट्टा सापडला नसता, तर मी अजून इथेच शोधत असते."

"बरं, चुकलं माझं. मिळाला ना शेवटी? डॉक्टर, नोंदणीला माझा मोबाइल लिहा. मी घरीच असतो."

"नाही. माझा लिहा."

"पत्ता जुनाच ना, मॅडम? पार्ल्याचा?"

"सांताक्रूझचा लिहा. कालच खोली घेतली मी. इथून आम्ही दोघं तिकडेच जातोय."

"खोली? अगं, आणि मी?"

"डॉक्टर, मी त्याला घट्ट धरते. तुम्ही टोचा."