कुंकू न धरणारी गाडी

अरे, घरी पॉलिश होतं की नाही, याचा निकाल आमच्या आईने लावला! दसऱ्याला मी माझी लाल स्पोर्ट्स कार स्वतः धुतली, वॅक्स घासून पार आरसा केली. शेजारचे काका म्हणाले, "घरी कसलं पॉलिश होतंय? गंगापूर रोडला दुकानात द्यायची!"

तेवढ्यात आई पूजेचं ताट घेऊन आली. ओल्या कुंकवाच्या बोटाने बॉनेटवर स्वस्तिक काढायला गेली, तर रेघच उमटेना. कुंकवाचे थेंब होऊन घरंगळायला लागले.

"अगं बाई, ही गाडी कुंकूच धरेना!"

"वॅक्स नीट बसलं की असंच होतं!" मी काकांना ऐकवलं.

काका हळूच म्हणाले, "उरलंय का रे थोडं?"

आईने मात्र कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला टेकवलं. "मग यंदा पूजा तुझीच!"