पुसलेली खोली

आमचं घर बांधायला काढलं तेव्हाचा माझा गाढवपणा सांगतो. दादा होडीसकट बुडाला त्याला महिनाच झाला होता. कंत्राटदार मेस्त्री जमिनीवर फक्कीने खोल्या आखत म्हणाले, "ही तुज्या दादाची." माझं डोकं फिरलं. मी पायाने ती खोलीच पुसून टाकली.

वहिनीने ते बघितलं आणि गुपचूप गाठोडं बांधलं. मेस्त्री ओरडले, "मेल्या, वैनी म्हायेराक चल्ली!"

मी धावलो. "वैनी, खंय चल्लंस गो?"

"माजी खोली पुसलंस मां?"

"तुजी नाय गो, दादाची. माका ती बघवक नाय."

तिने गाठोडं खाली ठेवलं, तसा माझा जीव भांड्यात पडला.

"मगे परत आखूक सांग," ती म्हणाली, "पण खिडकी दर्याकडे नको."